भजनाच्या बैठकीत कीबोर्ड

पोर्टेबल कीबोर्ड हे साधारणपणे ६१ पट्ट्यांचे, पाच सप्तकांचे, एका माणसाला सहज उचलता येणारे विजेवरचे वाद्य आहे. लांबी तीन फुटांच्या आसपास आणि वजन तीन ते पाच किलो. जपानच्या कॅसिओ कंपनीने आपला पहिला कीबोर्ड, ‘कॅसिओटोन २०१’, १९८० साली बाजारात आणला. पुढे हे वाद्य गावोगाव पोचले आणि महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांवर यामाहाच्या कीबोर्डालाही लोक कॅसिओच म्हणू लागले. गणपती-शिमग्याच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी, शाळेचे स्नेहसंमेलन आणि भजनी मंडळ या तिन्ही ठिकाणी तो दिसतो. मिरवणुकीत नुसता मोठा आवाज चालून जातो, शाळेत ठरावीक चार गाणी बसवली की भागते. भजनात मात्र कीबोर्डाला पेटी, पखवाज, टाळ आणि मोकळ्या गळ्याने गाणारी माणसे यांच्या बरोबरीने बसावे लागते. तिथे सूर किंचित सरकला तरी सगळ्या बैठकीला कळते. म्हणून मांडणी आणि वादन यांचा विचार इथे भजनाच्या अंगाने केला आहे.

वाद्य निवडताना ६१ पट्ट्या पुरतात. ४९ पट्ट्यांवर डाव्या हाताला जागा उरत नाही, आणि ८८ पट्ट्यांचे वाद्य वाडीवरून वाडीवर नेणे कष्टाचे होते. पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरात दाबली तर मोठा, ही सोय असलेला कीबोर्डच घ्यावा. भारतीय बाजारासाठी निघणाऱ्या मॉडेलांत तबला, तानपुरा, हार्मोनियम असे आवाज आणि काही भारतीय ठेके असतात. भजनाला त्यांतला तानपुरा खरा उपयोगी. शेकडो आवाज आणि शेकडो ताल या जाहिरातीला भुलण्याचे कारण नाही. कसलेला वादक वर्षभरात पाच-सहा आवाजांपलीकडे जात नाही.

बैठक जमिनीवर असते, त्यामुळे इंग्रजी एक्सच्या आकाराचा उभा स्टँड देवळात कामाचा नाही. कीबोर्ड मांडीवर घेऊ नये. तो हलतो, मनगटे वाकडी होतात आणि मागची वायर सारखी ओढली जाते. आठ-दहा इंच उंचीचा, न डुगडुगणारा चौरंग किंवा बुटके लाकडी बाक घ्यावे, वर जाड सतरंजीची घडी घालून त्यावर कीबोर्ड ठेवावा. मांडी घालून बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यावे आणि मनगट सरळ राहावे. वादकाने पखवाजवाल्याच्या समोर किंवा बाजूला, मुख्य गाणाऱ्या बुवांचा चेहरा दिसेल असे बसावे. बुवांच्या मानेच्या हालचालीवरून कडवे कधी संपते ते कळते, आणि पाठीमागे बसलेल्या वादकाला ते कधीच कळत नाही.

विजेची जोडणी करताना अ‍ॅडॉप्टर नीट पाहावा. पिन भोकात बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर चालतो असे नाही. यामाहाच्या बऱ्याच पोर्टेबल मॉडेलांना १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या अनेक मॉडेलांना ९.५ व्होल्ट. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या कीबोर्डांत तर पिनेचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, म्हणजे नेहमीच्या उलट. अ‍ॅडॉप्टरवर आणि कीबोर्डाच्या पाठीवर एक छोटे चित्र छापलेले असते. मधला ठिपका धन चिन्हाला जोडला आहे की ऋण चिन्हाला, हे त्या चित्रात दिसते. दोन्ही चित्रे सारखी आणि व्होल्टचा आकडा सारखा असेल तरच पिन लावावी. अँपिअरचा आकडा अ‍ॅडॉप्टरवर जास्त असला तर चालतो, कमी असला तर चालत नाही. गणपतीच्या गडबडीत कोणाच्या तरी टीव्हीच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर लावल्याने कीबोर्डाची आतली पाटी जळते, आणि ती दुरुस्ती महागात पडते.

पावसाळ्यात वीज जाणे महाड-पोलादपूर भागाला नवे नाही. बहुतेक कीबोर्ड सहा सेलांवर चालतात. नव्या मॉडेलांना पेन्सिल सेल लागतात, जुन्यांना टॉर्चचे जाड सेल. सहाही सेल एकाच जातीचे आणि एकाच वेळी आणलेले असावेत. अर्धे जुने, अर्धे नवे असे घातले तर जुने आधी संपतात आणि गळू लागतात. कीबोर्ड महिनाभर वाजणार नसेल तर सेल काढूनच ठेवावेत. मांडवात जनरेटर असेल तर तो सुरू होऊन आवाज स्थिर झाल्यावर कीबोर्ड लावावा. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढून सेलांवर वाजवावे. नुसते बटण बंद करून भागत नाही.

काही वेळ पट्टी दाबली गेली नाही तर कीबोर्ड आपोआप बंद होतो. ही मुदत बहुधा अर्ध्या तासाची असते, काही जुन्या मॉडेलांत सेलांवर असताना त्याहून बरीच कमी. घरी ही सोय चांगली आहे, कीर्तनात घातक. निरूपण पाऊण तास चालते, त्यानंतर बुवा एकदम अभंग उचलतात आणि कीबोर्ड मुका असतो. घाईने चालू केला तर आधी जुळवलेली पट्टी पुसली गेलेली असते आणि पहिलाच सूर भलता निघतो. म्हणून कार्यक्रमाआधी ही सोय बंद करावी. यामाहाच्या अनेक मॉडेलांत सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू केला की ती बंद होते. इतरांसाठी सूचनापुस्तिका पाहावी. सस्टेन पेडल वापरायचे असेल तर कीबोर्ड चालू करण्याआधी जोडावे आणि चालू करताना त्यावर पाय ठेवू नये. नाहीतर पेडल उलटे काम करते, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबतात.

अंगच्या स्पीकरचा आवाज खोलीपुरता असतो. श्रावणात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना देवळात तो तिसऱ्या माणसालाही ऐकू जात नाही. मग कीबोर्ड साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडावा लागतो. हेडफोनच्या भोकातून आवाज बाहेर काढता येतो, मात्र वायर लावताच अंगचे स्पीकर बंद होतात, त्यामुळे वादकाला स्वतःचे ऐकू येण्यासाठी एक लहान बॉक्स जवळ हवा. हेडफोनच्या भोकातून डाव्या-उजव्या बाजूंचे दोन आवाज निघतात. साधी स्टिरिओ वायर मिक्सरच्या एकाच भोकात खुपसली तर ते दोन आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि पातळ, पोकळ आवाज येतो. साउंडवाला मग विनाकारण बास वाढवत बसतो. एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर स्वतःजवळच ठेवावी. ती मिक्सरच्या लाइनच्या भोकांत लावावी, माइकच्या नव्हे. कीबोर्डाचा आवाज पाऊण पातळीवर ठेवून पुढचे मिक्सरवर ठरवावे. चालू करताना आधी कीबोर्ड आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर, हा क्रम पाळला की स्पीकरमध्ये धाडकन आवाज होत नाही.

इथवरची कामे कोणीही शिकू शकतो. सूर जुळवणे ही त्याहून जोखमीची गोष्ट आहे, आणि भजनात कीबोर्ड बदनाम झाला आहे तो तिच्याकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. पेटीचे सूर पितळी पत्त्यांचे असतात. वापराने, गंजाने, दमट हवेने ते हळूहळू सरकतात. कारखान्यातून आलेला कीबोर्ड मात्र मधल्या सप्तकाची सफेद सहा (सहावी पांढरी पट्टी) ४४० हर्ट्‌झवर धरून बसतो. गावातली पेटी वीस वर्षांची असेल तर दोघांचे जमेलच असे नाही, आणि भजनात बदलायचे ते कीबोर्डाने.

जुळवण्याची रीत अशी. कीबोर्डाचा ट्रान्सपोज शून्यावर आणावा. पेटी स्केलचेंजची असेल तर तिच्या पट्ट्या मूळ जागी आणाव्यात. पेटीत खर्ज, नर, मादी अशा पत्त्यांच्या एकाहून अधिक ओळी असतात. त्यांतली एकच चालू ठेवावी, कारण दोन ओळी मिळून आपापसातच किंचित थरथरतात. मग पेटीवर आणि कीबोर्डावर एकाच सप्तकातली एकच पट्टी, समजा काळी चार, एकदम दाबून धरावी. कीबोर्डावर हार्मोनियम किंवा ऑर्गनचा, न विरणारा आवाज लावलेला असावा. सूर वेगळे असतील तर एकत्र आवाजात उंच-सखल लहरी ऐकू येतात. सेकंदाला तीन लहरी आल्या तर दोन सुरांत तीन हर्ट्‌झचे अंतर आहे असे समजावे. कीबोर्डाच्या मेनूत ट्यूनिंग नावाची जागा असते. तिथला आकडा थोडा थोडा वर न्यावा. लहरी मंदावल्या तर दिशा बरोबर, वाढल्या तर उलट जावे. लहरी लांबत लांबत पूर्ण थांबल्या की दोन्ही वाद्ये एक झाली. याला दोन मिनिटे लागतात, आणि ती पखवाजाला कणीक लावून तो जुळवण्याआधी द्यावीत, कारण पखवाजही याच सुरात लावायचा असतो. पेटी फारच सरकलेली असेल आणि ट्यूनिंग पुरत नसेल तर त्या बैठकीत कीबोर्डाने बाजूला राहणे बरे.

त्यानंतर बुवांची पट्टी. वारकरी भजनाचा गळा उंच लागतो. काळी चार, काळी पाच या पट्ट्या नेहमीच्याच. नव्या वादकाची बोटे मात्र सफेद एकवरून सा धरायला शिकलेली असतात. इथे ट्रान्सपोज मदतीला येतो. त्याचा एक आकडा म्हणजे अर्धा सूर. सफेद एकपासून काळी चार आठ अर्ध्या सुरांनी वर किंवा चार अर्ध्या सुरांनी खाली असते, म्हणून ट्रान्सपोज उणे चारवर ठेवून सफेद एक दाबली की काळी चार वाजते. काळी पाचसाठी उणे दोन, काळी एकसाठी अधिक एक, सफेद चारसाठी अधिक पाच. बैठकीआधी बुवांना सा लावायला सांगावा, तो पेटीवर शोधावा आणि मगच आकडा ठरवावा. बहुतेक मॉडेलांत कीबोर्ड बंद केला की ट्रान्सपोज पुसला जातो. ट्यूनिंग काहींत टिकते, काहींत नाही, आणि टिकलेले ट्यूनिंग दुसऱ्या गावच्या पेटीशी जुळत नाही. म्हणून वहीत बुवा, पट्टी, ट्रान्सपोज आणि ट्यूनिंग असे चार रकाने करावेत. कीबोर्डात रजिस्ट्रेशन मेमरी असेल तर नेहमीच्या बुवांच्या पट्ट्या तिच्यात साठवता येतात.

ट्रान्सपोजवर कायमचे विसंबून राहणे मात्र चांगले नाही. वर्षभराच्या सरावानंतर निदान दोन पट्ट्या मूळ जागेवरून वाजवता आल्या पाहिजेत. सफेद एकवर बिलावलाचे सप्तक वाजवताना उजव्या हाताचा अंगठा सा-वर, तर्जनी रे-वर, मधले बोट ग-वर, मग अंगठा तळव्याखालून नेऊन म-वर, आणि पुढे प, ध, नी, सां ओळीने. अंगठा खालून नेण्याची ही एकच हालचाल नवशिक्याने महिनाभर, मेट्रोनोम मिनिटाला साठवर ठेवून घोटावी. सफेद चारवरून सा धरला तर अंगठा म-नंतर, म्हणजे प-वर येतो, कारण म काळ्या पट्टीवर असतो आणि तो अनामिकेला सोपा जातो. काळी पाचवरून सुरुवात तर्जनीने करावी, रे-वर अंगठा, ग-वर तर्जनी, म-वर मधले बोट, प-वर पुन्हा अंगठा, मग तर्जनी, मधले बोट आणि सां-वर अनामिका. काळ्या पट्टीवर शक्यतो अंगठा नको, एवढे लक्षात ठेवले की बाकीची बोटे आपोआप बसतात. मुलांना गोडी लावायची असेल तर काळी तीनला सा मानून फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला द्याव्यात. पाचही काळ्या पट्ट्या मिळून भूप रागाचे सूर होतात आणि चुकीचा सूर लागूच शकत नाही.

भजनाचा शेवट भैरवीने होतो आणि नवशिका तिथेच अडखळतो. भैरवीचे रे, ग, ध, नी कोमल असतात. सफेद तीनवरून सा धरला तर सगळ्या सफेद पट्ट्यांवर हेच सूर मिळतात, म्हणून काही जण भैरवीपुरता सा सफेद तीनवर नेतात आणि त्यासाठी ट्रान्सपोज बदलतात. हा मोह टाळावा. गजर रंगात आलेला असताना आकडा बदलायला वेळ नसतो, आणि एक बटण चुकले तर साऱ्या टाळकऱ्यांचा सूर जातो. सफेद एकवरूनच काळी एक, काळी दोन, काळी चार आणि काळी पाच या चार कोमल पट्ट्या घेऊन भैरवी बसवावी.

कीबोर्डाच्या सुरांना एक मर्यादा आहे. त्याचे बारा सूर समान अंतराने वाटलेले असतात, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा चढा असतो. पेटीतही बहुधा हाच दोष असतो. बुवा आलाप घेत असतील, गंधारावर ठेहराव घेत असतील, तर वादकाने तिथे गंधार दाबून धरू नये, सा आणि पंचमावर थांबावे. मींडेसाठी डाव्या बाजूला चाक किंवा बटण असते आणि ते बहुधा दोन अर्ध्या सुरांपर्यंत सूर वाकवते. कडव्याच्या शेवटी एखाद्या वेळी ते शोभते.

डावा हात पेटीवर भात्यात गुंतलेला असतो, कीबोर्डावर तो मोकळा असतो. नवे वादक त्या मोकळ्या हाताने लगेच कॉर्ड धरू लागतात. अभंगाला त्याची गरज नाही. खालच्या सप्तकात सा आणि प हळू आवाजात धरून ठेवले की गाणाऱ्यांना तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पंचमाऐवजी मध्यम धरावा. कॉर्ड धरायचेच असतील तर ज्याला रागाचे सूर पाठ आहेत त्यानेच धरावेत, कारण कोमल गंधाराच्या चालीत शुद्ध गंधाराचा कॉर्ड पडला की चाल तिथेच मोडते. पियानोचा आवाज दाबल्यावर विरत जातो, म्हणून तो भजनाला कमी उपयोगी. शेजारी पेटी असेल तर कीबोर्डावर पुन्हा हार्मोनियम लावू नये, दोन्ही एकमेकांत मिसळून गढूळ होतात. स्ट्रिंग्ज किंवा बासरी घ्यावी आणि बुवांच्या ओळीनंतरच्या जागा भराव्यात. बुवा शब्द म्हणत असताना कीबोर्डाने खाली राहावे.

तालाचे बटण भजनात बंद ठेवावे. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा चार-चारच्या चालीत बसतो, दादऱ्याला सहा मात्रांची चाल मिळते, पण रूपकाच्या सात मात्रा साध्या कीबोर्डात बहुधा नसतातच. त्याहून महत्त्वाचे कारण असे की भजनाची लय जिवंत असते. अभंग संथ सुरू होतो, मध्ये चढतो, गजरात दुप्पट होतो, आणि पुढे जायचे की थांबायचे हे पखवाज आणि बुवा एकमेकांकडे पाहून ठरवतात. यंत्राचा ठेका कोणाकडे पाहत नाही. घरी एकट्याने रियाज करताना हाच ठेका उत्तम सोबती असतो, तिथे तो जरूर वापरावा. मांडवात लाउडस्पीकर लावला असेल तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेचे बंधन २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेले आहे. सणाच्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत शासन जाहीर करते, ती त्या त्या वर्षी तपासून घ्यावी.

आता पावसाची गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कीबोर्डाच्या प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते, तिच्या आत कार्बनचा ठिपका. पट्टी दाबली की ठिपका खालच्या पाटीला टेकतो आणि सूर वाजतो. ओलसर हवेत त्या फटीत बुरशी, धूळ, मुंग्या जमतात. मग एखादी पट्टी मुकी होते किंवा कितीही हळू दाबली तरी मोठ्याने ओरडते. ही तक्रार आली की आत तेल किंवा स्प्रे मारू नये. कारागीर वाद्य उघडून रबर आणि पाटी मऊ कापडाने, शुद्ध अल्कोहोलने पुसतो आणि पट्टी बहुधा पूर्ववत होते.

आषाढ-श्रावणात कीबोर्ड बंद पेटाऱ्यात ठेवण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास वाजवणे चांगले. चालू असताना आतला थोडासा उबारा ओल घालवतो आणि पट्ट्याही हलत्या राहतात. ओल आलेल्या भिंतीपासून तो हातभर लांब, जमिनीपासून उंच ठेवावा आणि वर सुती कापड टाकावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्यास आतला दमटपणा बाहेर पडत नाही. प्रवासाच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या महिन्याने बदलाव्यात. मुंबईहून गणपतीला येणारा चाकरमानी वाद्य बरोबर आणत असेल तर ते एसटीच्या टपावर किंवा डिकीत देऊ नये. रेल्वेने आल्यास वीर स्टेशनवर उतरून पुढे रिक्षाने जाताना बॅगेवर पावसाचे वेगळे कव्हर घालावे. भिजल्यासारखे वाटले तर घरी पोचल्यावर लगेच चालू न करता काही तास उघडे ठेवावे.

महाडच्या बाजारपेठेत आणि सावित्री-गांधारीच्या काठी राहणाऱ्यांनी तर वाद्य जून ते सप्टेंबर माडीवरच ठेवावे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत तळमजल्यावरच्या वस्तू हलवायला लोकांना उसंत मिळाली नाही. पुराचे पाणी शिरलेला कीबोर्ड चालू करून पाहणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण ओल्या पाटीवर वीज गेली की जे वाचले असते तेही जळते. सेल लगेच काढावेत, वाद्य उलटे करून पाणी निथळू द्यावे आणि आतला गाळ सुकून घट्ट होण्याआधी कारागिराकडे न्यावे. गाळ सुकला की रबराच्या टोप्या बदलाव्या लागतात. उन्हात तापवू नये, पट्ट्या वाकतात.

मंडळाचा कीबोर्ड नागपंचमीच्या आधी एकदा तासभर, प्रत्येक पट्टी एकेक दाबून, अ‍ॅडॉप्टरवर आणि सेलांवर दोन्ही प्रकारे वाजवून पाहावा. बिघाड तेव्हा सापडला तर गणपतीपर्यंत दुरुस्त होऊन येतो.